दिवेलागणीला पालथ्या झालेल्या तीन करवंट्या

संपादक महाराज,

मी मॅट्रिकचा अभ्यास मेणबत्तीच्या थोटकांवर केला. माजिवड्याच्या ख्रिस्ती मंडळींच्या देवळात जळून उरलेली ही थोटकं माझ्या थोरल्या भावाचा दोस्त पास्कू फडक्यात बांधून आणून द्यायचा. त्यातली निम्मी आई घ्यायची. कोलशेतच्या मिठागरात दिवसभर खाऱ्या पाण्यात उभं राहून तिच्या टाचा फाटलेल्या असत. रात्री ती मेण वितळवून त्या भेगांत भरायची आणि उरलेल्या उजेडात मी भूमितीची प्रमेयं पाठ करायचो.

हे दया यावी म्हणून लिहीत नाही. आम्ही ठाण्याच्या उथळसरातले भंडारी. आमच्या आळीतून बी. ए. झालेला पहिला माणूस मी, आणि याचा मला अभिमान आहे. लपवायचा कशाला? पण पुढचं समजायला घरची हकीकत थोडी सांगावी लागेल.

माझे वडील — आम्ही त्यांना बा म्हणतो — माडावर चढून माडी काढायचे. दिवसातून दोनदा चढायचं, पोय — म्हणजे माडाचा न उमललेला फुलोरा — ठोकायची, तिचं टोक कोयतीने छाटायचं, मडकं बांधायचं. पंचवीस वर्षं हेच. मग सरकारचा नवा अबकारी कायदा आला. झाडागणिक परवाना, झाडागणिक पट्टी. बागवाल्यांनी माड ठेकेदाराला दिले आणि बा नि माझा भाऊ त्याच माडांवर ठेकेदाराचे नोकर म्हणून चढू लागले.

एका सकाळी पाळी भावाची होती. तो रात्रीपासून पिऊन पडलेला. बाने त्याला दोनदा हलवून पाहिलं, मग कमरेला कोयती बांधली आणि स्वतः चढले. पंचावन्न वर्षांचा माणूस! झावळीपाशी हात निसटला. जीव वाचला, पण कमरेखालचं अंग गेलं ते गेलंच. त्यानंतर बा खाटेवरून उठले नाहीत. आणि दादा — म्हणजे हा माझा भाऊ गोविंदा — घराच्या शिडीवरसुद्धा चढला नाही. बंदरावर मिठाच्या गोणी वाहायचा, मला कॉलेजात पैसे पाठवायचा, आणि उरलेल्याची प्यायचा. माझी डिग्री त्याच्या पाठीवर बसून आलेली आहे.

आता मुद्दा. भुतंखेतं, अंगात येणं, नजर लागणं यातल्या कशावरही माझा विश्वास नव्हता. कॉलेजात मी लॉजिक शिकलो, आणि शिकलो ते नुसतं परीक्षेपुरतं नाही. जे घडलं ते मी स्वतः पाहिलं-ऐकलं नसतं, तर सांगणाऱ्याला मीच मूर्खात काढलं असतं...

खाडीवरच्या रेल्वेच्या पुलाला रंग आणि डागडुजी करायची होती. उंचावर न घाबरता काम करील असा माणूस तिथल्या साहेबाला हवा होता. कायमची नोकरी, राहायला खोली. दारू सुटली की दादा पुन्हा चढेल, असं धरून मी त्याच्या नावाने इंग्रजीत अर्ज लिहिला आणि स्वतः जाऊन भेटलो. साहेब म्हणाला, ‘‘तुझ्या भावाला मी ओळखतो. मागे एकदा आला होता, तोंडाला वास येत होता. उद्या सकाळी सात वाजता घेऊन ये. वास आला तर पुन्हा तोंड दाखवायचं नाही, तूही नाही.’’

मी शब्द दिला. ही नोकरी मिळाली तर आईचं मिठागर सुटणार होतं. नाही तर तिने किती दिवस काढले असते, देव जाणे.

मी घरी आलो तेव्हा सूर्य कलला होता. दादा घरात नव्हता. आईला विचारलं तर ती म्हणाली, ‘‘तू साहेबाकडं गेलास हे त्याला कळलं. मी विचारलं, तोंड असं का झालं? तर म्हणाला, वर चढायला लावणार. आणि गेला.’’

‘‘येईल,’’ मी म्हटलं आणि बाच्या उशाशी बसलो. आईने दिवा लावला. एरवी दिवा लागला की बा हात जोडतात. त्या दिवशी ते गाढ झोपलेले होते. आईने दोनदा हाक मारली. उठले नाहीत. ‘‘झोपू दे,’’ मी म्हटलं. दिवेलागणीच्या वेळी मी बाच्या खाटेपासून हातभर अंतरावर होतो, ही गोष्ट वाचकांनी कृपया ध्यानात ठेवावी.

तासभर वाट पाहिली. मग मी पायात वहाणा सरकवल्या. आई म्हणाली, ‘‘कुठं?’’

‘‘गुत्त्यांवर.’’

‘‘तू?’’

‘‘मीच. आणखी कोण आहे?’’

दारूच्या दुकानाची पायरी मी तोवर कधी चढलो नव्हतो. भंडाऱ्याचं पोर असून चढलो नव्हतो! आपल्याच गावात, सगळे ओळखीचे असताना, गुत्त्यामागून गुत्ता हिंडायचं म्हणजे काय, हे त्या रात्री कळलं. पण ठरवलं होतं. दादाला सकाळी सातला शुद्धीत साहेबापुढे उभा करायचा. मग आळी काय म्हणायची ते म्हणो.

पहिलं दुकान स्टेशनाजवळचं. ठेकेदाराने सुरतेकडचा एक नोकर नुकताच तिथे बसवला होता. गावात त्याला महिनाही झाला नव्हता. कंदिलाखाली सात-आठ माणसं उकिडवी बसलेली. मला पाहून एकाने हात कपाळाला लावला.

‘‘अरे सरका रे, बीए आले! साहेब, खुर्ची नाही, चालेल ना?’’

‘‘कॉलेजात पाणी भारी महाग असतं म्हणतात, म्हणून इकडं आला असंल.’’

मी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. नोकराला विचारलं, ‘‘गोविंदा आला होता?’’

‘‘आला होता. मी दिला नाही. तो बुढ्ढा सांगून गेला ना.’’

‘‘कोण बुढ्ढा?’’

त्याने फळीकडे बोट केलं. फळीच्या कोपऱ्यात एक करवंटी पालथी घातलेली होती.

इथे आमच्याकडची एक रीत सांगतो. आमच्यात माडी करवंटीतून पितात. घरातल्या एखाद्याने प्यायला नको असं वाटलं, तर त्याच्यापेक्षा वडील माणसाने दुकानात जायचं, एक करवंटी फळीवर पालथी घालायची, त्याचं नाव घ्यायचं आणि निघून यायचं. भांडण नाही, आरडाओरडा नाही. मग त्या दुकानात त्या माणसाला कोणी ओतत नाही. ती करवंटी पुन्हा उताणी करायची तर घरच्याच माणसाने. दुसऱ्याने हात लावायचा नाही. आणि धाकट्याने थोरल्याची पालथी घालायची, हे तर कधीच नाही. कितीही बेवडा असो, ही रीत मोडत नाही. नवीन नोकराला ती तिथल्या गिऱ्हाइकांनीच शिकवली होती.

‘‘दिसायला कसा होता?’’ मी विचारलं.

‘‘उंच. छातीवर घट्टे पडलेले. मागे कमरेला कोयती. मी कंदील पेटवत होतो, तेव्हा आला. एकच शब्द बोलला — गोविंदा. करवंटी घातली आणि गेला.’’

मी हसलो. दादाला आवरायला आळीतलाच कोणी म्हातारा आला असेल, असं मला वाटलं. कोयतीचं मात्र मला खटकलं. गावात माडी काढणं बंद होऊन सहा वर्षं झाली होती. माडी आता बाहेरून पिंपांतून येते. कमरेला कोयती बांधून फिरणारा माणूस ठाण्यात उरला नव्हता.

तिथून मी बंदरावरच्या ठकीमावशीच्या दुकानावर गेलो. ठकीमावशी आमच्या आळीचीच, विधवा. बाने वीस वर्षं तिला माडी घातलेली. मागच्या अंगणात चार माड, परवाना नसल्यामुळे कोणी न शिवलेले. मला दारात पाहून ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

‘‘कोण, रामा? ये रे बाबा! आता कॉलेजात हेपण शिकवतात का?’’

‘‘मावशी, दादा कुठंय?’’

‘‘आलता नि गेलता. मी ओतली नाही. रागावून माजिवड्याच्या वाटेला लागला. पास्कूकडं जातो म्हणाला.’’

‘‘का ओतली नाहीस?’’

‘‘तुझा बा करवंटी घालून गेला म्हणून.’’

मी तिच्या तोंडाकडे पाहतच राहिलो. ‘‘मावशी, बा खाटेवर आहे. सहा वर्षं खाटेवर आहे.’’

‘‘मग मला काय आंधळी समजतोस? तुळशीपुढं दिवा ठेवून वळले, तर दारात उभा. म्हटलं, बरा झाला वाटतं! पोरानं मुंबईचा डाक्टर आणला असंल. मी ‘या’ म्हटलं, तर आत आला, करवंटी पालथी घातली, गोविंदाचं नाव घेतलं आणि गेला. चालतसुद्धा पूर्वीसारखाच होता, पाय जरा फाकून.’’

 बसलेल्यांतल्या एकाने करवंटी खाली ठेवली.

आणि मला राग आला. मी शिकलेला माणूस, आणि माझ्यासमोर, माझ्या बापाबद्दल, दारू पिऊन बसलेल्या लोकांत ही असली गोष्ट! मला वाटलं, कोणीतरी दादाची थट्टा करतोय, आणि बाच्या लुळ्या पायांचीही. मी फळीपाशी गेलो. ‘‘बघा,’’ म्हटलं, ‘‘खाली काय भूत बसलंय ते बघा!’’ आणि ती करवंटी उचलून उताणी ठेवली. कोरडी होती. आत काहीही नव्हतं.

‘‘बघितलंत?’’

ठकीमावशीने कपाळावर हात मारून घेतला. ‘‘मेल्या, काय केलंस! घरचा माणूस तू. तू उताणी केलीस. आता गोविंदा परत आला आणि ओत म्हणाला तर मला ओतावीच लागेल.’’

‘‘तो परत येत नाही. मी त्याला माजिवड्याहून घरीच नेतो.’’

‘‘बीए झालास पण अक्कल नाही हो आली,’’ ती म्हणाली. मी चालू लागलो होतो.

माजिवडा म्हणजे तिथून पाऊण तासाची वाट. काळोख, दोन्ही बाजूंनी शेतं, कुत्री. चालता चालता मी लॉजिक लावत होतो. स्टेशनावरचा नोकर बाला ओळखत नाही. ठकीमावशी ओळखते. दोघांचं वर्णन जुळतं. म्हणजे कोणीतरी सोंग घेतलं. कोणी? कशाला? दादाने पिऊ नये, एवढ्यासाठी सोंग घेणारा गावात कोण आहे? मी सोडून कोणी नाही.

पास्कूच्या घरापुढच्या ओट्यावरच दुकान होतं. तो एकटाच बसलेला, कंदील बारीक केलेला. मला पाहून उठला आणि आधी छातीवर क्रूस केला.

‘‘रामा, तुजा बा कसा हाय?’’

‘‘का रे?’’

‘‘बरा हाय ना? मेला-बिला नाय ना?’’

‘‘झोपलाय घरी. मी आत्ता बघून आलो. तूपण आता सांगणार की इथं आला होता?’’

त्याने फळी दाखवली. कोपऱ्यात पालथी करवंटी.

‘‘मना वाटला मीच जास्त घेतली. पन मी तर सकालपासून थेंब नाय घेतला, आईची शपत. देवलाची सांजची घंटा वाजत होती. मी टोपी काढली, डोला मिटला, प्रार्थना केली, डोला उघडला तर यो उभा! मी खांबासारखा उभाच राहिलो. करवंटी घातली, गोविंदा म्हनाला, नि चालला.’’

‘‘घंटा वाजत असताना?’’

‘‘वाजतच होती.’’

संपादक महाराज, तिथे ओट्यावर मी पुन्हा हिशेब मांडला. स्टेशनावरचा नोकर कंदील पेटवत होता. ठकीमावशी तुळशीपुढे दिवा ठेवत होती. माजिवड्याला सांजेची घंटा वाजत होती. ही एकच वेळ. तीन जागा, त्यांत दोन मैलांचं अंतर — आणि त्याच वेळी, घरी आईने दिवा लावला तेव्हा, मी बाच्या उशाशी! सोंग घेणारा एक माणूस तीन ठिकाणी कसा असेल? आणि तीन माणसांनी सोंग घेतलं म्हणावं, तर ठाणे जिल्ह्यात बासारखी चालणारी तीन माणसं आणायची कुठून?

‘‘दादा?’’ मी विचारलं.

‘‘आलता. मी नाय म्हटला. दगड मारला त्यानी माज्या पिंपाला. म्हनाला, सगल्या गावानं मना वालीत टाकला. मंग म्हनाला, ठकीकडं परत जातो, बघू कशी नाय ओतत.’’

मला ठकीमावशीची ती उताणी करवंटी डोळ्यांसमोर दिसली. तीन ठिकाणी दारं लावलेली होती. त्यातलं एक मीच माझ्या हाताने उघडून आलो होतो.

मी धावत सुटलो. वहाणा हातात घेतल्या. पास्कू मागून ओरडला, ‘‘अरे कंदील तरी घे!’’ पण थांबलो नाही.

दुकानात आता दोघंच होती, ठकीमावशी आणि दादा. बाकीची माणसं त्या गोष्टीने घाबरून उठून गेली होती. दादा फळीपुढे बसलेला, पुढ्यात ती करवंटी, काठोकाठ भरलेली. अजून उचलली नव्हती.

‘‘आले का,’’ तो म्हणाला. ‘‘तूच उताणी केलीस म्हणे. भाऊ असावा तर असा.’’

‘‘दादा, ऊठ.’’

‘‘बस की. बीएला फळी टोचते का?’’

मी बसलो. ‘‘उद्या सात वाजता—’’

‘‘माहिताय. साहेब म्हणणार, चढ.’’ त्याचा आवाज बदलला. ‘‘रामा, मी वर पाहिलं ना, की मला खाली पडलेला बा दिसतो. शुद्धीत असलो की जास्त दिसतो. तुझा साहेब वास घेईल, वास नसेल. मग म्हणेल चढ. आणि मी खांबाला मिठी मारून रडीन सगळ्या गँगपुढं. त्यापेक्षा वासच आलेला बरा.’’

हे तो मला सहा वर्षांत पहिल्यांदा बोलला.

‘‘आईच्या टाचा बघितल्यास?’’ मी म्हटलं.

‘‘रोज बघतो.’’

‘‘मग?’’

त्याने करवंटीकडे हात नेला. मी ती पालथी घालायला पुढे झालो, तर ठकीमावशीने माझं मनगट धरलं. ‘‘धाकट्यानं नाही. आधी उताणी करून ठेवलीस, आता पालथी घालतोस? त्याच्याहून वडील आहे तोच घालील. नाही तर राहू दे.’’

मी बसलो. डोकं शांत झालं होतं. म्हटलं, ‘‘मावशी, मलापण ओत.’’

‘‘काय?’’

‘‘ओत. दादा पितो, मी पण पितो. उद्या दोघं साहेबापुढे जाऊ. अर्ज माझा, वास दोघांचा.’’

‘‘रामा, तोंड फोडीन,’’ दादा म्हणाला.

‘‘फोड. तुझ्या पैशांनी शिकलो, तुझ्यासारखाच होतो. ओत मावशी!’’

तिने ओतली. कदाचित तिला कळलं असेल, मी काय करतोय ते. मला मात्र कळत नव्हतं. मी खरंच पिणार होतो. करवंटी उचलली, ओठांपर्यंत नेली. तो आंबट वास! दादाने झडप घातली, ती माझ्या हातातून हिसकली आणि फळीवर धाडकन पालथी घातली. माडी सगळ्या फळीवर वाहिली.

‘‘रामा,’’ तो म्हणाला. रीतीप्रमाणे नाव घेऊन.

मग त्याने स्वतःच्या भरलेल्या करवंटीकडे पाहिलं. ‘‘तुझी मी घातली. माझी कोण घालणार?’’

आणि तेव्हा तो आवाज आला.

टोक... टोक... थोडा थांबून टोक-टोक-टोक.

मागच्या अंगणातून, वरून. माडी काढणारा पोयीवर लाकडी दांडक्याने ठोकतो, तो आवाज. प्रत्येकाचा ठोका वेगळा असतो. आळीतली बायका-पोरं कोण कुठल्या माडावर आहे ते नुसत्या ठोक्यावरून सांगत. दोन सावकाश, एक विसावा, तीन भराभर — हा बाचा. दुसऱ्या कोणाचाच नाही. पण रात्री कोणी पोय ठोकत नाही. आणि ते चार माड तर सहा वर्षं कोणी शिवलेले नव्हते.

ठकीमावशीने तोंडाला पदर लावला. तिने ऐकलं. मी ऐकलं. दादा उठून उभा राहिला. भरलेली करवंटी तशीच फळीवर.

‘‘बा वर गेलाय,’’ तो म्हणाला. ‘‘पाळी माझी आहे.’’

मी त्याला धरायला गेलो, पण तो अंगणात पोचलाही होता. धोतर वर खोचलं, कोपऱ्यातल्या माडाला हात लावून नमस्कार केला आणि जुन्या खाचांत पाय देऊन चढू लागला. काळोखात! मी खाली माडाला धरून उभा. वर ठोका चाललाच होता. दोन, विसावा, तीन. दादाच्या पायांचा घासल्याचा आवाज वर वर जात होता. मी तोंडातून शब्द काढला नाही. काढला असता तर तो खाली पडला असता, असं मला वाटत होतं.

ठोका थांबला. मग बराच वेळ काही नाही. मग झावळ्या सळसळल्या, आणि दादा खाली आला — पाय न चुकवता, घाई न करता, पूर्वी यायचा तसा.

‘‘कोणी नाही,’’ तो म्हणाला.

‘‘मग?’’

त्याने हात माझ्या नाकापुढे धरला. तळवा ओला होता आणि त्याला ताज्या माडीचा गोड वास येत होता — आंबायच्या आधीचा, पहाटे मडक्यातून काढतात तसा. ‘‘पोय ठोकलेली आहे,’’ तो म्हणाला. ‘‘छाटलेलीपण आहे. नुकतीच.’’

मी त्याचा हात धरला.  ‘‘घरी चल,’’ म्हटलं, आणि तो आला. ती करवंटी कोणी प्यायली नाही.

सकाळी पावणेसातला आम्ही पुलाशी होतो. साहेबाने दादाचं तोंड हुंगलं, मान हलवली आणि वरच्या कमानीकडे बोट केलं. दादा चढला. वरून त्याने हात केला. माझ्याकडे, साहेबाकडे नव्हे.

त्यानंतर मी घरी गेलो आणि बाच्या पायांशी बसलो. दोन्ही तळवे हातात घेऊन पाहिले. माती नाही, ओरखडा नाही. सहा वर्षं जमिनीला न टेकलेले, लहान मुलासारखे मऊ तळवे. बा जागे होते.

‘‘काय बघतोस?’’

‘‘बा, काल दिवेलागणीला तुम्ही कुठे होतात?’’

‘‘मला विचारतोस? शिकलेला तू,’’ ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, ‘‘चढला का गोविंदा?’’

‘‘चढला.’’

त्यांनी डोळे मिटले आणि पुन्हा त्याबद्दल कधी बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

त्या तिन्ही दुकानवाल्यांना मी नंतर वेगवेगळं गाठून, फिरवून फिरवून प्रश्न विचारले, वकील उलटतपासणी घेतो तसे. एकही शब्द इकडचा तिकडे झाला नाही. स्टेशनावरच्या नोकराला मी एके दिवशी घरी आणून बा दाखवले. तो दारातूनच मागे फिरला. त्या माडावर दिवसा दुसरा माणूस चढवून पाहिला, तर पोय खरोखरच छाटलेली होती. कोणी, ते कोणालाच माहीत नाही. माझ्या एका प्रोफेसरांना सारं सांगितलं. ते म्हणाले, अनेक माणसांना एकाच वेळी एकच भ्रम होऊ शकतो. मी म्हटलं, भ्रमाच्या हाताला माडीचा वास येतो का?   विश्वास बसला असं मी म्हणणार नाही. पण नव्हतं घडलं, असंही म्हणणार नाही.

दादाने त्यानंतर थेंबही घेतलेला नाही. पुलाच्या टोळीचा तो आता मुकादम आहे. आई मिठागरात जात नाही.